अंगावरचे चट्टे आणि रक्ताच्या पाटाचे अस्तर

अंगावर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढऱ्या खपल्या धरल्या, की माणूस काय करतो? आधी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढतो. दवाखान्यात मग कधी तरी जातो. मधले महिने, कधी कधी वर्षे, नुसती भीतीत जातात.

समजा, कोऱ्हाळे बुद्रुकमधल्या एका बागायतदार आण्णांची ही गोष्ट आहे. त्यांच्या कोपरांवर चट्टे आले. मग गुडघ्यांवर आले. डोक्यात कोंडा झाला. पण तो साधा कोंडा नव्हे, जाड थरच होता. सकाळी अंथरूण झाडले की पांढरा भुसा पडे. न्हावी म्हणाला, "आण्णा, वस्तरा तेवढा घरनं आणा." चहाच्या टपरीवर त्यांचा कप वेगळा ठेवू लागले. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. ते आलेच नाहीत. कोणी तरी त्यांच्या कानात सांगितले होते, "त्यांच्या घरात महारोग हाय."

आण्णांना महारोग नव्हता. त्यांना सोरायसिस होता. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात निजा, त्याच वस्तऱ्याने दाढी करा. सोरायसिस लागायचा नाही. तो जंतूंचा रोगच नाही. (वस्तरा मात्र ज्याचा त्याचा असावा. पण त्याला कारणे दुसरी आहेत.)

मग लोकांची गफलत का होते? थोडा दोष शब्दाचाही आहे. आपल्या जुन्या वैद्यकात 'कुष्ठ' हा शब्द पुष्कळ त्वचारोगांना मिळून वापरला आहे. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले. त्यांतल्या एकाला, एककुष्ठाला, माशाच्या खवल्यासारखी कातडी होते असे वर्णन आहे. पुढे लोकांच्या तोंडी कुष्ठ म्हणजे फक्त महारोग उरला, आणि खवलेवाल्यालाही तेच नाव चिकटले. युरोपातही असाच घोळ होता. हेब्रा नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १८४१ साली हे दोन रोग वेगवेगळे आहेत हे नीट मांडले.

दोन्हींतला एक मोठा फरक कोणालाही समजेल. महारोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा बधिरपणा असतो. कापूस फिरवला तरी कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श कळतो, शिवाय खाजही सुटते. पण घरच्या घरी निवाडा करून बसू नका. बधिर चट्टा असेल तर आधी दवाखाना गाठा, कारण महारोगही औषधाने पुरता बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. नवराबायकोपैकी एकाला महारोग झाला म्हणून काडीमोड मागता येई, ते कारण २०१९ साली कायद्यातून काढून टाकले. तेव्हा "महारोग नाही हो, सोरायसिस आहे," असे सांगताना महारोग्याला हलके लेखायचेही कारण नाही.

आता सोरायसिस होतो कसा, ते पाहू. यासाठी आपल्याला पाटावर जावे लागेल.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी तुमच्या भागाला इंग्रजांच्या काळापासून मिळते आहे. त्यामुळे पाणी कसे चालते, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. कालव्यातून फाटा निघतो. फाट्यातून चारी निघते. चारीतून पाणी सरीत येते आणि उसाच्या मुळाशी पोचते. रक्ताचेही तसेच आहे. काळजातून मोठी नळी निघते. तिला फाटे फुटतात. फाट्यांना चाऱ्या फुटतात. शेवटी केसाहून बारीक नळ्या होतात. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. कातडीच्या खाली या केशवाहिन्यांचे बारीक बारीक वेढे असतात.

कालव्याला अस्तर असते, हेही तुम्ही जाणता. अस्तर नसले तर पाणी पाझरते. अस्तर केले तर पाझर थांबतो आणि कडेच्या विहिरींचे पाणी उतरते. म्हणून अस्तर करावे की करू नये यावर शेतकऱ्यांत वाद होतात. आपल्या रक्तवाहिनीला आतून असेच अस्तर असते. पण ते सिमेंटचे नाही. ते जिवंत पेशींचे आहे. पेशी म्हणजे शरीराचा अगदी लहान कण, डोळ्यांना न दिसणारा. घरात फरशा शेजारी शेजारी बसवाव्यात, तशा या पेशी बसलेल्या असतात. थर फक्त एका पेशीचा. हे अस्तर पाझरायचे कधी आणि अडवायचे कधी, हे स्वतः ठरवते. अस्तरही तेच आणि पाटकरीही तोच, असे समजा.

रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. कुठे जंतू शिरला की त्या धावतात. पण रक्त तर भराभर वाहत असते. त्या ओघात राखणदाराला कळणार कसे, की इथे उतरायचे आहे?

इथेच अस्तरावरच्या प्रथिनांचे काम सुरू होते. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, अंडे आठवते. अंग भरायला प्रथिने लागतात, हे खरेच आहे. पण प्रथिने म्हणजे नुसते खाणे नव्हे. शरीराची पुष्कळशी अवजारे प्रथिनांचीच असतात. अस्तराच्या पेशी अशी काही प्रथिने आपल्या अंगावर उभी करतात. ती आकड्यासारखी काम करतात.

पडीक रानातून चाललात तर धोतराला किंवा लुगड्याला गोखरू अडकते. एक अडकले, सोडवले, पुढे दुसरे अडकले. चाल मंद होते. तसेच इथे होते. पहिल्या आकड्याचे नाव ई-सिलेक्टिन. पांढरी पेशी त्याला अडकते, सुटते, पुन्हा अडकते. अशी अडकत अडकत ती अस्तरावरून गडगडत जाते आणि तिचा वेग कमी होतो. मग दुसरा आकडा येतो. त्याचे नाव आयकॅम. हा घट्ट धरतो. पांढऱ्या पेशीलाही हात असतो म्हणा ना. आकडा आणि हात जुळले की ती जागच्या जागी थांबते. मग अंग चपटे करून दोन फरशांच्या सांध्यातून बाहेर पडते आणि कातडीत शिरते.

कातडीकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशींवर एक खूणही असते. कातडीतल्या ई-सिलेक्टिनला ती खूण बरोबर जुळते. पाकिटावर गावाचे नाव असावे, तसे. त्यामुळे ही टपाल दुसऱ्या गावी न जाता कातडीतच उतरते. मला स्वतःला ही गोष्ट फार नवलाची वाटते. डोळ्यांना दिसत नाही एवढ्या कणावर पत्ता लिहिलेला असतो!

बाभळीचा काटा पायात मोडला, तर काय होते पाहा. कातडीच्या पेशी हाकाटी करतात. ही हाकाटी म्हणजे रक्तात आणि आसपास सोडलेली काही द्रव्ये. त्यांतल्या एकाला टीएनएफ म्हणतात. अस्तराला हाक ऐकू जाते. ते दोन-चार तासांत आकडे उभे करते. राखणदार उतरतात. पाय लाल होतो, सुजतो, ठणकतो. काटा निघाला, घाण गेली, की हाकाटी थांबते. अस्तर आकडे उतरवते. पाय बरा होतो. रोजचा कारभार असाच चालतो, आणि तो चांगला आहे. आकडे नसते तर साधी जखमही आपल्याला भारी पडली असती.

सोरायसिसमध्ये काटा नसताना हाकाटी चालू राहते.

ती पहिल्यांदा का सुरू होते, याचे एकच कारण नाही. घराण्यातून तसा कल येतो, पण बापाला आहे म्हणून मुलाला होईलच असे नाही. कधी घसा फार दुखून गेल्यावर चट्टे उठतात. कधी मोठा घोर लागला की उठतात. थंडीत वाढतात. पण एकदा चक्र सुरू झाले की ते आपणच आपल्याला फिरवते. ते असे. अस्तरावर आकडे उभे राहतात. पांढऱ्या पेशी कातडीत उतरतात. तिथे त्या आणखी द्रव्ये सोडतात. त्या द्रव्यांनी कातडीच्या पेशी भराभर वाढू लागतात. वाढणाऱ्या पिकाला पाणी जास्त लागते. म्हणून कातडी रक्तवाहिन्यांना सांगावा धाडते, "आणखी वाढा." केशवाहिन्या रुंद होतात, लांब होतात, वेलीसारख्या पीळ घेतात. वाहिन्या वाढल्या म्हणजे अस्तर वाढले. अस्तर वाढले म्हणजे आकडे वाढले. आकडे वाढले म्हणजे आणखी पांढऱ्या पेशी उतरल्या. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते. चट्ट्याचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर हे पिळलेले वेढे आणि अस्तरावरची वाढलेली प्रथिने दिसतात.

आता आण्णांच्या अंथरुणातला भुसा कुठून आला, ते कळेल. निरोगी कातडीची पेशी खालच्या थरात जन्मते, हळूहळू वर सरकते, पक्की होते आणि गळून पडते. याला सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. वीटभट्टीवाल्याने घाई केली आणि कच्च्या विटांचीच रास लावली, तर कशी दिसेल? तशी ही खपल्यांची रास. खालचा लाल रंग रुंद झालेल्या केशवाहिन्यांचा. खपली खरवडली तर रक्ताचे टाचणीएवढे थेंब दिसतात. कारण ते पिळलेले वेढे अगदी वर आलेले असतात. डॉक्टर या खुणेवरून रोग ओळखायला मदत घेतात. तुम्ही मात्र खरवडून पाहू नका.

त्याचे कारण उसात काम करणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. सोरायसिस असलेल्या माणसाच्या चांगल्या कातडीला जखम झाली, तर तिथेच नवा चट्टा उठू शकतो. उसाच्या पात्याने हातावर ओरखडा गेला, आठ-पंधरा दिवसांनी त्याच रेघेवर चट्टा, असे होते. कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच ही गोष्ट सांगून ठेवली आहे. म्हणून सोमेश्वरच्या कारखान्याला ऊस घालायचा असो की घरचे पाचट काढायचे असो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. लाज झाकायला नव्हे, कातडी राखायला. वजरीने किंवा दगडाने चट्टे घासू नयेत. खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन अंघोळीनंतर लगेच चोळावे. त्याने खपली मऊ पडते आणि खाज कमी होते. कोवळे ऊन बहुतेकांना मानवते. पण कातडी करपेपर्यंत उन्हात बसू नये.

रोग कातडीचा दिसला, तरी तो कातडीपुरता राहतोच असे नाही. रक्त सगळीकडे एकच आहे ना! काहींची बोटांची पेरे, टाचा, कंबर धरते. नखांवर शिवणाच्या टोपणासारखे खळगे पडतात. चट्टे फार असतील तर हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो. मोठ्या नळ्यांचे अस्तरही या धुमसण्यातून सुटत नाही. म्हणून तंबाखू, विडी, मिश्री सोडावी, आणि वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. सांधे सकाळी आखडत असतील तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. पुष्कळ लोक चट्टे दाखवतात आणि सांध्यांचे बोलतच नाहीत.

आकड्यांची ही करामत कळल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात आले, आकडेच झाकून टाकले तर? त्यांनी ई-सिलेक्टिन झाकणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले. चट्ट्यांना काही फरक पडला नाही. एक आकडा झाकला, तरी दुसरे होतेच. मग पांढऱ्या पेशीचा हात बांधणारे औषध निघाले, म्हणजे आयकॅमला धरणारा हात. त्याचे नाव एफालिझुमॅब. अमेरिकेत २००३ साली त्याला परवानगी मिळाली. चट्टे उतरू लागले. लोक आनंदले. पण राखणदाराचे हात बांधले, तर चोर कोण पकडणार? काही रोग्यांच्या मेंदूत एका विषाणूने घर केले आणि ते दगावले. २००९ साली ते औषध बाजारातून काढून घेतले. हे मी मुद्दाम सांगतो. जाहिरातीतले औषध आणि तावूनसुलाखून निघालेले औषध यांत काय अंतर असते, ते यावरून कळते.

म्हणून काम थांबले नाही. बंगळूरच्या एका कंपनीने इटोलिझुमॅब नावाचे औषध बनवले. पांढऱ्या पेशीवरच्या दुसऱ्या एका हाताला ते धरते. त्याच्या जोडीचा आकडा अस्तरावरही सापडतो. २०१३ साली ते आपल्या देशात सोरायसिससाठी विकायला आले. टीएनएफची हाक बंद करणारी औषधे आहेत. हाकच थांबली की अस्तरावरचे आकडेही कमी होतात. त्यांतले एक, अडालिमुमॅब, अहमदाबादच्या कंपनीने २०१४ साली पुष्कळ स्वस्तात काढले. तरीही ही सुयांची औषधे गरिबाच्या खिशाला भारीच आहेत. शिवाय ती देण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. अंगात दडून बसलेला क्षय राखणदार ढिला पडताच उठू शकतो.

बहुतेक रोग्यांना या सुया लागतही नाहीत. मलमे, मोजून दिलेला उजेड आणि साध्या गोळ्या यांवर पुष्कळांचे भागते. सोरायसिस कायमचा उपटून टाकणारे औषध अजून निघालेले नाही. चट्टा गेला तरी काही पांढऱ्या पेशी त्या जागी वस्तीला राहतात. म्हणून तो पुन्हा तिथेच उठतो. पण वर्षानुवर्षे कातडी साफ ठेवता येते. "एका महिन्यात मुळासकट बरा," असे कोणी सांगू लागला, की आपला खिसा सांभाळावा.

अशांच्या पुडीत किंवा सुईत कधी कधी स्टिरॉइड असते. ते घेताच आठ दिवसांत चट्टे जातात. माणूस म्हणतो, देवमाणूस भेटला! सुई बंद झाली की चट्टे दुप्पट जोराने उलटतात. कधी अंगभर पुवाचे फोड येतात, कधी सगळी कातडी लाल होऊन सोलते, थंडी वाजते, आणि जिवावर बेतते. स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस लावले तर उपयोगी आहे. ते रुंदावलेल्या वाहिन्या आवळते. पण दुकानातून आपल्या मनाने आणून वर्षभर चोळले तर कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. बारामतीला २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पुण्याला ससून आहे. वाट लांब असली तरी कातडीच्या डॉक्टरांपर्यंत एकदा जावेच.

आता एका गोळीबद्दल. हे वाक्य न वाक्य सावकाश वाचा.

तिचे नाव मेथोट्रेक्सेट. जुनी, स्वस्त आणि गुणकारी गोळी आहे. तिच्या जातीची औषधे अमेरिकेत ज्या मंडळींनी तयार केली, त्यांचे पुढारी आपल्या देशातले होते. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते १९४८ साली वारले. पुढे १९५१ साली असे दिसले, की या जातीचे औषध सांधेदुखीला दिले तर सोरायसिसचे चट्टेही उतरतात. सुब्बारावांना ते पाहायला मिळाले नाही.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली तर तोंड सोलते, रक्त बनायचे थांबते आणि माणूस मरू शकतो. अशी माणसे खरोखर मेली आहेत. दोष गोळीचा नव्हता. चिठ्ठी वाचता आली नाही, किंवा कोणी वाचून दाखवली नाही, किंवा "रोजच्यासारखी घ्या" असे कोणी तरी वरवर सांगितले. या गोळीबरोबर दारू चालत नाही. तिने काळीज, म्हणजे यकृत, खराब होते. बाई गरोदर असेल किंवा व्हायची असेल, तर गोळी चालत नाही. पुरुषानेही मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधून मधून रक्त तपासून घ्यावे लागते. दुसऱ्या वारी फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी देतात. दोन्ही गोळ्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

आपल्या आण्णांनाही अखेर हीच गोळी मिळाली. घरी आल्यावर वहिनींनी चिठ्ठी हातात घेतली. त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. बोट ठेवून त्यांनी अक्षर अक्षर लावले. आ-ठ-व-ड्या-तू-न ए-क-दा. मग त्या म्हणाल्या, "अवो, दुकानदार तर म्हनला रोज एक."

"मग त्याचं खरं का हितलं?" आण्णांनी विचारले.

"हितलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचे कालनिर्णय उतरवले. गावच्या बाजाराचा वार धरला आणि पुढच्या चार बाजारांवर कुंकवाचे बोट उमटवले. गोळ्यांचे पाकीट त्यांनी फडताळात वरच्या खणात, पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवले.